वादी

आमचं दुकान फाइफच्या कोळसापट्टीत.
खाणीचा भोंगा झाला की काचा थरथरायच्या.
घोडे कधीच संपले होते, खोगिरं कोण घेणार?
वडील, निनियन गिलरूथ, शाळांसाठी पट्टे करायचे:
हातावर चार बोटं लांब, दोन बोटं रुंद,
टोकाला चिरून दोन जिभा काढलेले.
वजनं चार. हलका, मध्यम, भारी,
आणि फार भारी.
कडा कापता कामा नये, म्हणायचे,
आणि काचेच्या तुकड्यानं घासत बसायचे दिवेलागणीपर्यंत,
बाळाच्या झबल्याची शिवण
आतून चाचपून बघावी तशी.

हे आता सुचतंय.
तेव्हा मला फक्त मेणाचा वास आवडायचा.

मी नऊ वर्षांची. शाई सांडली होती, माझ्याच हातून.
मिस्टर डॅलगार्नोंनी कपाट उघडलं.
एका तळव्याखाली दुसरा तळवा,
बाही ओढून मनगट झाकायचं,
हात मागे घेतला तर एक जास्त.
सगळी पोरं डोळे मिटायची. मी मिटले नाहीत,
कारण मुठीपाशी आमचा शिक्का होता,
एन. जी., आणि त्याखाली एक ठिपका.
ठशाला खोच पडली होती, म्हणून उमटायचा तो,
आणि घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हता.

रात्री चमचा डाव्या हातात धरला.
आईनं पाहिलं. वडलांनी पाहिलं.
"किती?"
"दोन."
बराच वेळ नुसता चमच्यांचा आवाज.
मग त्यांनी जे विचारलं
ते मी साठेक वर्षं कुणाला सांगितलं नाही:
"मध्यम, की भारी?"

वळण लावायचं म्हणतात पोरांना.
वळ लगेच दिसतात.

पुढे दोन आया दूरच्या कोर्टात
वादी झाल्या.
शाळांची पत्रं येऊ लागली, एकेका ओळीची:
यापुढे आवश्यकता नाही.
वडलांनी उरलेल्या कातड्याचे
कुत्र्यांचे गळपट्टे केले.
वाईट वाटलं त्यांना. कशाचं,
ते मी विचारलं नाही.
कडा मात्र तशाच घासल्या, काचेनं,
कुत्र्याच्या मानेला लागू नयेत म्हणून.

मी घरात पट्टा येऊ दिला नाही.
हात होता.
रुअरी चार वर्षांचा, बोट सोडून रस्त्यात धावला,
मोटार करकचून थांबली, आणि मी त्याच्या पोटरीवर
एक. दोन.
ते भीतीचे होते असं म्हणता येईल.
तिसरा नव्हता.
शेजारच्या मिसेस टॉश म्हणाल्या, बरं केलंस.
कायदाही तेच म्हणत होता, त्याच्यापाशी शब्द होता.
मोठ्या माणसाला मारलं, तर हल्ला.
आपल्या पोराला मारलं, तर
समर्थनीय हल्ला.
अंग जितकं लहान, तितकं त्याच्यापुढे
विशेषण मोठं.

तो शब्द काढून टाकला ते वर्ष साथीचं.
नोव्हेंबर. रेडिओवर आधी
रुग्णांचे आकडे, मग वादळाचा इशारा,
मग हे, अर्ध्या मिनिटात:
आजपासून लागू.
मी बटाटे सोलत होते.
वडील गेले त्याला एकोणीस वर्षं झाली होती,
नाहीतर त्यांना विचारलं असतं...
काय विचारलं असतं, कोण जाणे.

रुअरीला फोन लावला. बेचाळिशीचा माणूस,
कामात होता, मागे यंत्राची घरघर.
म्हटलं, तुला तो रस्ता आठवतो का रे,
पोस्टासमोरचा?
"कुठला रस्ता?"
घरघर दूर गेली. दार लावल्याचा आवाज.
"निळी मोटार होती," तो म्हणाला.

मला मोटारीचा रंग कधीच आठवला नव्हता.
फोन कुणीच ठेवला नाही.
पाणी घालायचं राहून गेलेले बटाटे
माझ्यासमोर
हळूहळू काळे पडत होते.